शाळेच्या इको क्लबने काय हाती घ्यावे: झाडे, खत की पाऊसपाणी?

गोव्यातल्या शाळेत इको क्लब तुमच्याकडे आला की पहिला प्रस्ताव वृक्षारोपणाचाच येतो. मागोमाग कंपोस्टचा, मग छपरावरचे पाणी अडवण्याचा. पैसा आणि माणसे एकालाच पुरणार असतील, तर मी आधी एवढेच विचारीन: मेच्या सुट्टीत याच्याकडे कोण बघणार?

झाडांचा निकाल तिथेच लागतो. जुलैत वनमहोत्सवाला रोप लावले की पुढचे काही महिने पाऊसच पाणी घालतो. पण जांभ्याच्या कातळावर ओल टिकत नाही आणि नेमकी शाळा बंद असताना रोप वाळते. पहिली दोन-तीन वर्षे तरी उन्हाळ्यात पाणी हवे, गुरांपासून कुंपण हवे. म्हणून फोटोपुरत्या शंभर रोपांपेक्षा शेजारच्या दहा घरांनी वाटून घेतलेली दहा रोपे बरी. तीही इथलीच लावा: माट्टी (ऐन), जांभूळ, भिरंड (कोकम). जांभूळ-भिरंडीची बी सुकली की उगवत नाही, त्यामुळे फळ खाल्ल्याबरोबर ती पिशवीत पेरायला मुलांना सांगा. या रोपवाटिकेला खर्च जवळजवळ नाही.

कंपोस्टचे फळ दोन-तीन महिन्यांत हाती येते, आणि पाचवीच्या मुलाला तेवढीच वाट पाहता येते. गोव्यातली अडचण वेगळी आहे. माध्यान्ह आहार स्वयंसाहाय्य गट बाहेरून शिजवून आणतात, त्यामुळे शाळेत साली-देठ फारसे निघत नाहीत. उरतो तो पाव आणि तेलामसाल्याची भाजी. तेवढ्यावरच खत करायला गेलात तर वास सुटतो, उंदीर येतात. मुलांनी घरून भाजीच्या साली आणाव्यात आणि ओल्या कचऱ्याच्या दोन-तीन पट सुका पाला घालावा. पानगळीत आवारातला पाला जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा. पावसाळ्यात तोच उपयोगी पडतो. खड्डा मात्र खणू नका. आमच्या पावसात त्याचे डबके होते. चिऱ्यांची, हवा खेळेल अशी, वर पत्रा टाकलेली टाकी हवी. सुट्टीत ती तशीच राहिली तरी फार बिघडत नाही, सुकली तर कुजणे मंदावते इतकेच.

पाण्याचे आकडे मोहात पाडतात. वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस धरला, तर 100 चौरस मीटर छपरावर 3 लाख लिटर पडते. पण 5,000 लिटरची टाकी 50 मिलिमीटर पावसातच भरून वाहू लागते, आणि टंचाई येते ती एप्रिल-मेत. टाकीवर पैसे घालण्यापेक्षा, आवारात विहीर असेल तर पन्हळीचे पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून तिच्याकडे वळवा, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडून. यात गवंडी लागतो, परवानगी लागते, मुलांच्या हाताला काम थोडे. तरी पर्जन्यमापक वाचणे आणि दर आठवड्याला विहिरीची पातळी मोजणे हे मला अनेक प्रयोगशाळांपेक्षा मोलाचे वाटते.

किनाऱ्याजवळच्या शाळा साफसफाई मोहीम निवडतात. ती करावी, पण पुढच्या भरतीला प्लास्टिक परत येते, वर्षभराचा प्रकल्प म्हणून ती पुरत नाही.

विहीर आणि खमके पालक-शिक्षक मंडळ असेल, तर पाणी घ्या. नसेल तर माझे मत कंपोस्टला. तेच खत रोपवाटिकेच्या पिशव्यांत जाईल. खताची टाकी पाऊस ओसरल्यावर बांधायला घ्या, म्हणजे पानगळीआधी तयार होईल.