मीडिया: मायनर घ्यावा की मेजर?

अमेरिकेतल्या पदवीत मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा छोटा विषय. मग मीडिया यातला कुठला घ्यावा? माझं मत आधीच सांगते. ज्याला नर्सिंग, इतिहास किंवा समाजकार्य मनापासून शिकायचंय, त्याने मीडिया मायनर म्हणूनच घ्यावा.

अमेरिकेत पदवी साधारण 120 क्रेडिटची, म्हणजे अभ्यास मोजायच्या एककांची. मायनरला त्यातले 18 ते 24 लागतात, मेजरला बहुधा त्याच्या दुप्पट. ख्रिस्ती विद्यापीठात हा हिशेब आणखी घट्ट होतो. 1908 मध्ये लॉस एंजेलिसला बायबल इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालेलं बायोलाच घ्या. तिथे मेजर कुठलाही असो, पदवीच्या विद्यार्थ्याला बायबलचे विषय करावेच लागतात. अशा ठिकाणी दोन मेजर चार वर्षांत उरकताना दमछाक होते. मायनर मात्र बसतो.

मेजरकडे असतो तो वेळ, आणि ही मोठीच गोष्ट आहे. मुलाखत रेकॉर्ड करून आणावी, हेडफोन लावावा आणि बोलण्यामागे एसीची घरघर ऐकू यावी! मग पुन्हा जायचं, एसी बंद करायला लावायचा, माइक तोंडाजवळ न्यायचा. असं दहादा झालं की कान तयार होतो. मायनरमध्ये हे जेमतेम दोनदा घडतं. त्यामुळे कॅमेरा आणि एडिटिंगवरच पोट भरायचं असेल, तर मेजरला पर्याय नाही.

पण नर्सिंगच्या मुलीला वॉर्डात काय विचारायचं आणि कुठे कॅमेरा खाली ठेवायचा, हे आधीच ठाऊक असतं. ते एडिटिंगच्या वर्गात शिकवता येत नाही.

प्रवेशाआधी एवढं नक्की विचारा: मायनरच्या मुलांना स्टुडिओ आणि कॅमेरे मिळतात, की ते फक्त मेजरवाल्यांसाठी?