चुकांची वही: आयईएलटीएसच्या लेखनासाठी सात महिने वापरल्यावर

व्याकरणाचे सरावपुस्तक, मोबाइलवरचे रिकाम्या जागा भरायचे ॲप आणि दोनशे पानी फुलस्केप वही, अशा तीन गोष्टी सात महिने सोबतच वापरल्या. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतल्या लेखनाच्या पेपरसाठी सगळ्यात जास्त उपयोग वहीचा झाला. पण पहिले दोन महिने तीही वायाच जात होती, कारण पाने ‘आर्टिकल्स’, ‘टेन्सेस’, ‘प्रेपोझिशन्स’ अशा पुस्तकी मथळ्यांखाली भरली जात होती. मनात मराठी वाक्य काय होते ते चुकीशेजारी लिहायला लागल्यापासून चुका कमी व्हायला लागल्या.

आधी गुणांचे गणित. लेखनाला ६० मिनिटे आणि दोन प्रश्न: पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५०. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून साधारण २० आणि ४० मिनिटे अशी वाटणी. तपासणीचे चार निकष सारख्या वजनाचे असतात आणि व्याकरण त्यातला एक, म्हणजे पाव हिस्सा. त्यातही वाक्यरचनांची विविधता आणि अचूकता दोन्ही पाहतात. सात बँडच्या (बँड म्हणजे या परीक्षेतली गुणांची पायरी) जाहीर वर्णनात पूर्ण बिनचूक वाक्ये वारंवार दिसावीत अशी अपेक्षा आहे, आठला बहुतेक वाक्ये तशी हवीत. म्हणून सरावात एकूण चुका मोजण्यापेक्षा बिनचूक वाक्ये मोजावीत. निबंधात चौदा वाक्ये असतील आणि सहा स्वच्छ असतील, तर समासात ‘६/१४’ लिहायचे. एका वाक्यात चार चुका असल्या तरी वाया गेलेले वाक्य एकच. पण त्याच चार चुका चार वाक्यांत पसरल्या की चारही वाक्ये गेली, आणि आर्टिकल किंवा अनेकवचनाच्या बारीक चुका नेमक्या अशाच पसरतात.

ॲपमध्ये नव्वद टक्के बरोबर येणाऱ्याचा निबंध तरीही लाल का होतो? रिकामी जागा समोर दिसली की इथे आर्टिकल हवे हे प्रश्नानेच सांगितलेले असते. निबंध लिहिताना तसे सांगणारे कोणी नसते, आणि लक्ष मुद्द्यात गुंतलेले असते. ॲपने नियम माहीत होतो, ते वाईट नाही. पहिल्या महिन्यासाठी ते पुरेसे आहे.

आता वहीचे पान. आडवे चार रकाने. पहिल्यात चुकलेले वाक्य जसेच्या तसे, पेन्सिलीने. दुसऱ्यात मनातले मराठी वाक्य. तिसऱ्यात दुरुस्त वाक्य, निळ्या पेनाने. चौथ्यात त्याच सांगाड्यावर स्वतःची दोन नवी वाक्ये. पेन्सिल मुद्दाम: चूक पेनाने ठसठशीत लिहिली की पान उलटताना डोळ्यांत तीच भरते. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने फक्त मराठी रकाना उघडा ठेवून बाकीचे झाकायचे आणि इंग्रजी वाक्य पुन्हा लिहायचे. तिन्ही वेळा बरोबर आले की पेन्सिलीची ओळ खोडून टाकायची.

दुसरा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण सगळा फायदा तिथेच आहे. ‘ऑल्दो इट रेन्ड हेविली, बट द ट्रेन्स वेअर ऑन टाइम’ ही चूक नियम पाठ करून जात नाही. शेजारी ‘जरी जोरात पाऊस पडला, तरी गाड्या वेळेवर होत्या’ असे लिहिले की लगेच दिसते: मराठीला जोडी लागते, इंग्रजीला दोन्हींपैकी एकच. ‘बिकॉज... सो’ हे याच घरातले, ‘कारण... म्हणून’चे. ‘द पीपल हू लिव्ह इन विरार, दे स्पेंड थ्री अवर्स ऑन ट्रेन्स’ यातला ‘दे’ म्हणजे आपला ‘जे... ते’. इंग्रजीत कर्ता एकदा आला की पुन्हा येत नाही. ‘दे’ आणि त्याआधीचा स्वल्पविराम दोन्ही काढायचे. या तिन्ही चुका एका पानावर आल्या की एकच नियम लक्षात ठेवावा लागतो.

‘पासून’ला वेगळे पान द्यावे. ‘पाच वर्षांपासून ठाण्यात राहतो’ आणि ‘२०१९ पासून ठाण्यात राहतो’, मराठीत शब्द एकच. इंग्रजीत कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’, आणि क्रियापद दोन्हीकडे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ मध्ये त्यामुळे एका दमात दोन चुका होतात. याच्या उलट चूक ‘आलेलो आहे’मुळे होते. ‘काल आलेलो आहे’ मराठीत चालते, म्हणून ‘आय हॅव कम यस्टरडे’ लिहिले जाते. ‘काल’सारखी संपून गेलेली ठरावीक वेळ वाक्यात आली की साधा भूतकाळच: बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये ‘रॅन’, ‘हॅज रन’ नव्हे.

काही ठिकाणी मराठी मदतही करते. ‘द नंबर ऑफ पॅसेंजर्स’ला एकवचन की अनेकवचन, यात गोंधळ झाला तर मराठीत म्हणून पाहावे. ‘प्रवाशांची संख्या वाढली’ म्हणत असाल तर ‘द नंबर... हॅज’, ‘बरेच प्रवासी’ म्हणत असाल तर ‘अ नंबर... हॅव’. आलेखाच्या प्रश्नात ‘२० टक्क्यांनी’ वाढ म्हणजे ‘बाय’, ‘२० टक्क्यांपर्यंत’ म्हणजे ‘टू’. मात्र ‘महत्त्वाच्या कारणांपैकी एक कारण’ इथे मराठी शेवटी एकवचन देते आणि ‘वन ऑफ द मेन रीझन’ अशी चूक घडवते. तिथे ‘रीझन्स’ हवे, क्रियापद मात्र ‘इज’. ‘सल्ले’, ‘बातम्या’, ‘उपकरणे’ ही आपली अनेकवचने तर ‘ॲडव्हाइसेस’, ‘न्यूज आर’, ‘इक्विपमेंट्स’ करून सोडतात. ‘च्याबद्दल चर्चा’ मधून ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘वर भर’ मधून ‘एम्फसाइज ऑन’ येते; तिथे ‘अबाउट’ आणि ‘ऑन’ दोन्ही नकोत. पंधरा-वीस क्रियापदांची अशी यादी शेवटच्या पानावर करून ठेवली की तिकडे पुन्हा जास्त बघावे लागत नाही.

आर्टिकलसाठी वहीत नियम एकच लिहावा: मोजता येणारे एकवचनी नाम उघडे राहू नये. त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘ईच’ असे काहीतरी हवे. निबंध झाल्यावर प्रत्येक नामाखाली पेन्सिलीने टिंब द्यायचे आणि फक्त तेवढेच तपासायचे. हे अंगवळणी पडते तसा दुसरा आजार सुरू होतो, सगळीकडे ‘द’ लावण्याचा: ‘द पोल्यूशन’, ‘द नेचर’, ‘द सोसायटी’. सर्वसाधारण विधानात ही नामे उघडीच ठेवायची. (मुंबईकराने ‘द सोसायटी’ लिहिले की आपली गृहनिर्माण संस्था डोळ्यांपुढे आणावी. समाज म्हणायचे असेल तर ‘द’ नको.)

वाक्यरचनेसाठी सर्वांत उपयोगी ठरलेला सराव म्हणजे लांब मराठी विशेषण शेपटाकडून उलगडणे. उदाहरणार्थ, ‘धारावीत छोटे कारखाने चालवणाऱ्या कुटुंबांची मुले’. मराठीत मुख्य नाम शेवटी येते आणि सगळा भार त्याच्या आधी. इंग्रजीत शेवटून सुरू करायचे: मुले, कोणाची, ती कुटुंबे काय करतात, कुठे. ‘द चिल्ड्रन ऑफ फॅमिलीज दॅट रन स्मॉल वर्कशॉप्स इन धारावी’. एवढा कर्ता तयार झाला की थांबून त्याचे मुख्य नाम शोधायचे, ‘चिल्ड्रन’, आणि क्रियापद त्याच्याशीच जुळवायचे. ‘धारावी’ किंवा ‘वर्कशॉप्स’ जवळ दिसतात म्हणून त्यांच्याशी जुळवले जाते, तीच नेहमीची चूक. रोज अशी पाच वाक्ये पुरतात. गर्दीच्या लोकलमध्ये वही उघडता येत नाही, तिथे हा सराव मनातल्या मनात होतो. फलकावरचे किंवा वर्तमानपत्रातले एक लांब मराठी वाक्य घ्यायचे आणि दोन स्टेशनांत उलगडायचे. उतरल्यावर लिहून मात्र ठेवायचे, नाहीतर चूक कुठे झाली ते कळत नाही.

स्वल्पविरामाने दोन पूर्ण वाक्ये जोडण्याची सवय मराठीत खपून जाते, इंग्रजीत गुण घालवते. उपाय साधा आहे: प्रत्येक स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना कर्ता आणि क्रियापद दिसले आणि मध्ये ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ किंवा कुठे ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हिच’ यांपैकी काही नसले, तर पूर्णविराम द्यायचा. ‘हाउएव्हर’ने हे काम होत नाही; त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो.

वहीतले दोष आता. पहिला मोठा: चूक ओळखणारे कोणीतरी लागते. स्वतःला न दिसणारी चूक वहीत येतच नाही. दुरुस्ती करणारे सॉफ्टवेअर या जागी निम्मे कामाचे आहे. आर्टिकल, वचन, स्पेलिंग ते चांगले पकडते, पण कधी अख्खे वाक्य गुळगुळीत करून मूळ मुद्दाच बदलते, आणि का बदलले ते नेहमी सांगत नाही. त्याची सूचना वहीत घेण्याआधी सरावपुस्तकात नियम सापडला पाहिजे; सापडला नाही तर ती ओळ प्रश्नचिन्ह लावून ठेवावी आणि जाणत्याला विचारावी.

दुसरा दोष: वही अचूकता देते, विविधता देत नाही. चार महिन्यांनंतर चुका टाळायच्या म्हणून वाक्ये आखूड होऊ लागतात. कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. बिनचूक वाक्यांचा आकडा वाढतो, पण पाव हिश्श्यातला विविधतेचा भाग घसरतो. त्यासाठी प्रत्येक परिच्छेदात एक अटीचे वाक्य, एक ‘व्हिच’ किंवा ‘हू’चे आणि एक ‘ऑल्दो’ किंवा ‘डिस्पाइट’चे असे बंधन घालून घ्यावे लागले. ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही, ‘इन स्पाइट’ला लागते. हे पानाच्या वरच लिहून ठेवण्यासारखे आहे.

तिसरे, वही हाताने लिहिली जाते आणि संगणकावरच्या परीक्षेत टंकावे लागते. तिथे शब्दांची मोजणी पडद्यावर दिसते, पण चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत निबंध स्पेलचेक बंद करून कीबोर्डवर लिहावेत आणि फक्त चुका वहीत उतरवाव्यात. मोबाइलवर निबंध लिहू नयेत. तो गुपचूप दुरुस्त करतो आणि चूक कधी झाली हेच कळत नाही.

४० मिनिटांपैकी तपासायला पाचच उरतात. तेवढ्यात सगळे तपासणे होत नाही, म्हणून परीक्षेआधीच्या आठवड्यात वहीत एकही नवी ओळ घालू नये. सगळी पाने चाळून पेन्सिलीच्या न खोडलेल्या ओळी मोजाव्यात आणि सर्वांत जास्त वेळा आलेल्या दोन चुका निवडाव्यात. परीक्षेतल्या त्या पाच मिनिटांत पहिली फेरी एका चुकीसाठी, दुसरी दुसऱ्या चुकीसाठी. मराठी माध्यमातून आलेल्यांच्या वहीत बहुधा त्या उघड्या एकवचनी नामाच्या आणि ‘पासून’च्या निघतात.