ओएसटिकट: कूलर-इन्व्हर्टर दुरुस्तीच्या दुकानाला झेपेल का?

पारा ४२ च्या वर सरकला की नागपुरात कूलर, इन्व्हर्टर, आरओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक दुकानात सारखाच गोंधळ दिसतो. तक्रार फोनवर येते, पत्ता जुन्या पावतीच्या मागे लिहिला जातो, कारागीर मानेवाड्याला निघून जातो आणि पावती त्याच्या खिशात. संध्याकाळी तेच गिऱ्हाईक पुन्हा फोन करतं तेव्हा काउंटरवर कुणालाच काही माहीत नसतं. अशा चार ते दहा माणसांच्या दुकानाला ओएसटिकट कितपत उपयोगी आहे, एवढंच इथे पाहायचं आहे.

ओएसटिकट हे ओपन सोर्स हेल्पडेस्क, म्हणजे तक्रारींची नोंद ठेवणारं, सॉफ्टवेअर. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळतं, त्यामुळे माणशी महिन्याचं भाडं नाही. खर्च होस्टिंगचा आणि बसवून देणाऱ्याचा. आलेल्या प्रत्येक तक्रारीचं एक टिकट होतं, त्याला क्रमांक मिळतो, आणि त्यावरचा सगळा पत्रव्यवहार एकाखाली एक दिसतो.

बसवणं अवघड नाही, पण घाई नडते. झिप उघडल्यावर ‘अपलोड’ आणि ‘स्क्रिप्ट्स’ असे दोन फोल्डर निघतात. सर्व्हरवर फक्त ‘अपलोड’च्या आतला माल टाकायचा. नमुना कॉन्फिग फाइलची (सेटिंग्ज ठेवणाऱ्या फाइलची) प्रत करून तिचं नाव बदलायचं आणि बसवणी होईपर्यंत तिला लिहिण्याची परवानगी द्यायची. काम झालं की परवानगी परत ०६४४ (मालकाशिवाय इतरांना फक्त वाचता येईल अशी) करायची आणि ‘सेटअप’ फोल्डर उडवायचा. ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात. होस्टिंगवर पीएचपीची कोणती आवृत्ती आहे आणि ओएसटिकटच्या त्या आवृत्तीला कोणती चालते, हे आधी जुळवून घ्या, नाहीतर कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी ओरड: ‘मेल येतात, पण टिकट बनत नाही.’ दहापैकी आठ वेळा दोष क्रॉनचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीचा असतो. ओएसटिकटमध्ये ‘ऑटो-क्रॉन’ नावाचा पर्याय आहे, पण तो दुकानातलं कुणीतरी ओएसटिकटचं पॅनल उघडून बसलं असेल तेव्हाच मेल ओढतो. रात्री ११ वाजता आलेली तक्रार मग सकाळी दुकान उघडेपर्यंत पडून. होस्टिंगच्या पॅनलमध्ये ‘एपीआय’ फोल्डरमधली क्रॉनची फाइल दर ५ मिनिटांनी चालेल अशी नोंद करा. ओढून झालेल्या मेलचं काय करायचं तेही विचारलं जातं: ‘काहीच करू नका’ हा पर्याय निवडू नका, ‘दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा’ निवडा. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अ‍ॅप पासवर्ड, म्हणजे फक्त या सॉफ्टवेअरपुरता वेगळा पासवर्ड, घ्या, किंवा ओऑथ (पासवर्ड न देता गूगलकडून परवानगी घेण्याची पद्धत) हे प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, वापरा. जाणारे मेल एसएमटीपीवरूनच (मेल सेवेच्या पाठवणी सर्व्हरवरूनच) पाठवा आणि डोमेनची एसपीएफ नोंद, म्हणजे तुमच्या नावाने मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात ती यादी, तपासा. ते राहिलं तर तुमची उत्तरं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात आणि शिव्या कारागिराला बसतात.

आता एसएलए. किती तासांत टिकट निकाली काढायचं याची ही मुदत, आणि आपल्याकडे नेमकी तीच चुकीची लावलेली असते. सॉफ्टवेअरसोबत जी तयार वेळापत्रकं येतात, त्यात एक आहे सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ५, अमेरिकेच्या सुट्ट्यांसह! हिशेब करून बघा. मुदत ८ तासांची, टिकट शुक्रवारी दुपारी ४ ला आलं. शुक्रवारचा १ तास धरला, उरलेले ७ तास सोमवारी ८ पासून, म्हणजे देय वेळ सोमवारी दुपारी ३. सीताबर्डीतलं दुकान तर शनिवारीही १० ते ८ उघडं असतं. स्वतःचं वेळापत्रक लावलं तर शुक्रवारचे ४ आणि शनिवारचे ४ तास धरून शनिवारी दुपारी २ ला मुदत संपते. उन्हाळ्यात बंद कूलरपायी दोन रात्री उकाड्यात काढाव्या लागणाऱ्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे. तयार वेळापत्रकात ४ जुलैची सुट्टी आहे, पोळ्याची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा इतवारी-महालकडे गाडी घालणं म्हणजे हौसच. तो दिवसही सुट्टीत टाका. टाइम झोन ‘आशिया/कोलकाता’ आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

आणखी एक गैरसमज. गिऱ्हाइकाला उत्तर दिलं म्हणून मुदतीचं घड्याळ थांबत नाही, ते टिकट बंद झाल्यावरच थांबतं. मोटर बाहेरून यायची असेल तर देय तारीख हाताने पुढे न्यावी आणि कारण तिथेच लिहावं. नुसतं ‘पार्ट मागवला’ लिहून सोडलं की टिकट लाल होऊन पडतं, आणि आठवडाभरात लाल रंगाकडे कुणी बघेनासं होतं.

हेल्प टॉपिक, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे ते निवडायचे विषय, ही या सॉफ्टवेअरची खरी ताकद. ‘जनरल इन्क्वायरी’, ‘फीडबॅक’ असले तयार विषय काढून टाका. गिऱ्हाईक ‘सबमर्सिबल पंप निकामी’ असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, ‘भाऊ, पंखा फिरून राहिला, पण ताटीवर पाणीच नाही येऊन राहिलं.’ म्हणून विषयाचं नाव ठेवा ‘पंखा चालतो, पाणी येत नाही’. दुसरा विषय ‘पंखाच फिरत नाही’, तिसरा ‘पाणी गळतं’, आणि एक वेगळा, ‘कूलरला शॉक लागतो’. प्रत्येक विषयाला विभाग, प्राधान्य, मुदत आणि फॉर्म वेगवेगळा जोडता येतो. शॉकवाल्याला ‘इमर्जन्सी’ आणि २ तासांची मुदत द्या, आणि आपोआप जाणाऱ्या उत्तरात पहिलं वाक्य ‘प्लग काढा, ओल्या हाताने टाकीला हात लावू नका’ हेच असू द्या.

कॅन्ड रिस्पॉन्स, म्हणजे साठवून ठेवलेली उत्तरं, ठीक आहेत. नॉलेज बेस, म्हणजे माहितीचे लेख ठेवायची जागा, मात्र कामचलाऊ. लेख अंतर्गत, सार्वजनिक किंवा ठळक असा ठेवता येतो, हेल्प टॉपिकला जोडता येतो, इथवर उत्तम. पण लेखाच्या जुन्या आवृत्त्या सापडत नाहीत. ‘कॅपॅसिटर कोणत्या मॉडेलला किती मायक्रोफॅरडचा’ हा तक्ता कुणी बदलला, आधी काय होतं, हे कळायला मार्ग नाही. कारागिरांसाठीची माहिती बुकस्टॅकसारख्या विकीत, म्हणजे मिळून लिहायच्या पानांच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवा, तिथे प्रत्येक पानाचा इतिहास राहतो. ओएसटिकटमधला शोधही अक्षराला अक्षर जुळवतो: ‘कूलर’ लिहिलेला लेख ‘कुलर’ टाकून मिळेलच असं नाही. लेखाच्या तळाशी दोन्ही रूपं लिहून टाका, शुद्धलेखनवाले रागावले तरी.

व्हॉट्सअ‍ॅप मुळात जोडलेलं नाही, आणि इथल्या धंद्यात ही मोठीच उणीव. काउंटरवरच्या माणसाने फोन किंवा मेसेज आला की स्वतः टिकट उघडायचं आणि स्रोत ‘फोन’ निवडायचा. एका तक्रारीला एक मिनिट जातं. तेवढी शिस्त लागणार नसेल, तर या सॉफ्टवेअरच्या वाट्याला जाऊ नका. एकाच घरातून नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळी तक्रार केली, तर दोन टिकटं एकत्र करण्याची सोय आवृत्ती १.१४ पासून आहे.

फोटोंचं मात्र आधीच बघून ठेवा. पीएचपीत अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी असते आणि आजच्या फोनचा फोटो सहज ४ एमबीचा निघतो, त्यामुळे फॉर्मवरून पाठवलेला नेमप्लेटचा फोटो अडकतो. मर्यादा १० एमबी करा, आणि पोस्टची, म्हणजे एका फॉर्मसोबत एकूण जाणाऱ्या मालाची, मर्यादा त्याहून थोडी जास्त. दुसरं म्हणजे ओएसटिकट जोडलेल्या फाइली मुळात डेटाबेसमध्येच साठवतं. एका उन्हाळ्यात बॅकअप फुगून बसतो आणि स्वस्त होस्टिंगवर परत चढवताना मध्येच तुटतो. फाइली डिस्कवर ठेवण्याचं प्लगइन मिळतं. ते मार्चच्या आत, टिकटं थोडी असतानाच लावून घ्या, आणि मग बॅकअपमध्ये डेटाबेससोबत तो फोल्डरही धरा.