मॉर्टसेफ, पेटंट पेटी की नुसता पेंढा? प्रेतचोरांवरच्या उपायांचा परखड रिव्ह्यू

१८१६ ते १८३२ या काळात ब्रिटनमध्ये पुरलेलं मढं जागेवर राहावं म्हणून बरंच काही विकलं आणि भाड्यानं दिलं जात होतं. शवविच्छेदन शिकवणाऱ्यांना ताजी प्रेतं हवी होती आणि कायद्यानं मिळत होती ती बहुतेक फाशी गेलेल्या खुन्यांचीच. मग कबरी फुटणारच.

माल पारखायचा तर आधी चोराची पद्धत कळायला हवी. तो अख्खी कबर उकरत नसे. डोक्याकडचा भाग तेवढा खणायचा, तोही आवाज होऊ नये म्हणून लाकडी फावड्यानं. पेटीचं डोकं दिसलं की झाकणाच्या कडेखाली पहार घालायची. उरलेल्या झाकणावर मातीचं ओझं तसंच असल्यामुळे ते मधोमध कडाडून मोडतं. तो कडाका दाबायला वर गोणपाट टाकायचं. मग काखेखालून दोर, वर ओढ, आणि कफन उतरवून परत पेटीत. हा सोवळेपणा नव्हे. इंग्लंडच्या कायद्यात मढं कुणाचीच मालमत्ता नव्हतं, कफन मात्र होतं. ते नेलं की चोरीचा खटला.

म्हणून दोनच गोष्टी बघायच्या. झाकणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, आणि मढं शिकवायच्या कामाचं आहे तोवर अडथळा टिकतो का. ही मुदत साधारण सहा आठवड्यांची. त्यापुढे चोराला फुकट दिलं तरी नको.

एडवर्ड ब्रिजमनची १८१८ ची पेटंट लोखंडी पेटी याच हिशेबात मार खाते. कारागिरी उत्तम: झाकण दाबलं की आतल्या स्प्रिंगच्या कड्या अडकतात, बाहेरून ना स्क्रू, ना पहार शिरेल अशी फट. पण गरज दीड महिन्याची आणि ही टिकणार पिढ्यान् पिढ्या. लाकूड कुजतं आणि जागा पुढच्याला मोकळी होते. लोखंड अडून बसतं. लंडनच्या होबर्नमधल्या सेंट अँड्र्यू चर्चनं अशी पेटी पुरू द्यायला नकार दिला, प्रकरण धर्मन्यायालयात गेलं. १८२० च्या निकालाचा अर्थ एवढाच: नाही म्हणता येणार नाही, पण जागा जास्त काळ अडते म्हणून जादा पैसे घेता येतील. म्हणजे पेटीचे वेगळे आणि जमिनीचे वेगळे. हौस असेल त्यानं घ्यावी.

स्कॉटलंडचा मॉर्टसेफ, म्हणजे शवपेटीवर चढवायचं लोखंडी कवच, मात्र डोकं चालवून केलेला. लाकडी पेटीवर भोकं पाडलेली जड लोखंडी पट्टी बसते, भोकांतून डोकी असलेल्या सळया खाली सोडायच्या, वरून दुसरी पट्टी ठेवून कुलूप. काढायला किल्ल्या घेऊन दोघं जण लागतात, त्यामुळे एकट्याला लाच चारून भागत नाही. सहा आठवड्यांनी उकरून काढायचा आणि पुढच्या कबरीवर चढवायचा. गावोगावच्या मंडळ्या वर्गणी काढून तो विकत घेत आणि सभासद नसलेल्यांकडून भाडं आकारत. दोष? वजन. उचलायला कप्पी-दोरखंड हवेत. शिवाय गावात एकच नग असला आणि एकाच आठवड्यात दोन मयती झाल्या की दुसऱ्याचं मढं उघड्यावर. थंडीत प्रेत कुजायला वेळ लागतो आणि शरीररचनेचे वर्गही थंडीतच भरत, तेव्हा हिवाळ्यात सहा आठवडे मोजून लगेच काढण्याची घाई नडते. एवढं सांभाळलं तर याच्याइतका वसूल होणारा माल दुसरा नाही.

ॲबर्डीनशायरमधल्या अडनीचं शवगृह बघायला झकास. गोल दगडी इमारत, आत फिरता मंच, त्यावर सात पेट्या. नवी पेटी आली की मंच थोडा फिरवायचा. फिरत फिरत परत दारापाशी येईपर्यंत मढं चोरण्याजोगं उरत नाही. बांधलं १८३२ मध्ये. त्याच वर्षी ॲनाटॉमी ॲक्ट आला, बेवारस प्रेतं शिक्षकांना कायदेशीर मिळू लागली आणि चोरांचा धंदाच बसला. पैसा घालायला इतका वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

पहाऱ्याचे मनोरे, उदाहरणार्थ एडिंबराच्या सेंट कथबर्ट चर्चचा १८२७ चा, पहारेकरी जागा असेपर्यंत उत्तम. तारेला पाय लागताच उडणाऱ्या बंदुका घेऊच नका: दिवसा मयतीला आल्याचं सोंग करून तारा हेरून ठेवता येतात, आणि चुकून पाय पडतो तो भलत्याचाच.

परवडत नसेल त्यानं कबर बुजवताना मातीत पेंढा आणि फांद्या थराथरानं मिसळाव्यात. लाकडी फावडं त्यात गुंतत राहतं आणि चोराची निम्मी रात्र तिथंच जाते. पुढे पेंढा कुजून माती खचते, तेव्हा वरून भर घालावी लागेल. वर शिंपले मांडून ठेवण्याचा उपाय नुसती खूण आहे, अडथळा नाही. चोर ते जसेच्या तसे परत मांडून जातात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बर्क आणि हेअर या प्रेतं विकणाऱ्या एडिंबराच्या जोडीपुढे यातलं काहीच चाललं नसतं, कारण त्यांनी कबर कधी खणलीच नाही. पहिलं मढं घरातच आजारानं गेलेल्या भाडेकरूचं, त्याचे ७ पौंड १० शिलिंग आले. पुढचे १६ जण त्यांनी स्वतःच ठार मारून विकले.

प्रत्यक्ष बघायचं तर एडिंबराच्या ग्रेफ्रायर्समध्ये जमिनीवरचे पिंजरे आहेत, पण वजनाचा अंदाज ॲबरफॉइलला येतो. तिथं जुन्या चर्चबाहेर दोन भरीव मॉर्टसेफ पडलेत, शवपेटीच्याच आकाराचे. कप्पी का लागायची ते एका नजरेत कळतं.