ओबीडी डोंगलवर दिसणारी हॉर्सपॉवर किती खरी? दिवाळी ते पावसाळा वापरून आलेला अनुभव

गाडी २०१८ची पेट्रोल स्विफ्ट, ११९७ सीसी. कंपनीच्या कागदावर ८३ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), ६००० आरपीएमला. टॉर्क ११३ न्यूटन-मीटर, ४२०० आरपीएमला. गेल्या दिवाळीत हजार रुपयांच्या आतला ब्लूटूथ डोंगल, म्हणजे ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं सॉकेट) खोचून इंजिनाचे आकडे फोनवर पाठवणारा तुकडा, घेतला आणि तेव्हापासून फोनवरच्या ॲपला जोडून वापरतोय. २०१३नंतरच्या बहुतेक गाड्यांत ओबीडीचा पोर्ट स्टीअरिंगच्या खाली सापडतो, त्यामुळे जोडणीत काही अडलं नाही. एरर कोड वाचायला तो उत्तम आहे. त्याविषयी पुष्कळांनी लिहिलंय, म्हणून ते सोडून देतो. मला लिहायचंय ते ॲपवर फिरणाऱ्या हॉर्सपॉवरच्या काट्याबद्दल. कितीतरी लोक डोंगल घेतात तेच त्या काट्यासाठी, आणि तो कशाच्या जोरावर फिरतो हे विकणारा सांगत नाही.

माझ्या गाडीत ताकद मोजणारा सेन्सर नाहीच. इतकंच काय, आत जाणारी हवा थेट मोजणारा मॅफ सेन्सरही नाही. आहे तो मॅप सेन्सर, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब सांगणारा. दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम एवढ्यावरून ॲप हवेचं वजन काढतं, हवेवरून पेट्रोल आणि पेट्रोलवरून ताकद.

हा हिशोब एकदा हातानं करून बघाच, डोळे उघडतात. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा १.१९७ लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण ६० लिटर. पुण्यात हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. आत येणारी हवा ३५ अंशांची धरली, तर लिटरला १.०७ ग्रॅम भरते. सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही, म्हणून ८५ टक्के धरू : सेकंदाला ५५ ग्रॅम हवा. फुल थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जरा जास्त) असतं, १३ भाग हवेला एक भाग पेट्रोल. म्हणजे ४.२ ग्रॅम पेट्रोल. एका ग्रॅममध्ये सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता, म्हणून १८० किलोवॅट. त्यातले ३० टक्केच क्रँकपर्यंत (इंजिनच्या फिरत्या दांड्यापर्यंत) पोचतात असं मानलं तर ५४ किलोवॅट, म्हणजेच ७३-७४ पीएस.

हाच हिशोब समुद्रसपाटीचा दाब आणि २५ अंश धरून केला की ८१ येतात, कागदावरच्या ८३च्या अगदी शेजारी. कंपन्या आकडा देतात तो साधारण अशाच प्रमाणित हवामानाला सुधारून. पुण्यातली गाडी रोज ८३ पीएसनं धावत नाही, तिला तेवढी हवाच मिळत नाही.

आता खरी मेख. ते ८५ टक्के ॲपच्या सेटिंगमध्ये आपणच भरायचे असतात. तिथं ९५ लिहा, पुण्यातल्या पुण्यात ८३ पीएस हजर! गाडीत मात्र काडीचाही फरक पडलेला नसतो. म्हणून कुणी स्क्रीनशॉट टाकून ‘फिल्टर बदलला, दहा हॉर्सपॉवर वाढली’ म्हणालं, तर मी आधी विचारतो, सेटिंग काय होतं? आणि एकक कुठलं? ८३ पीएस म्हणजे ८२ एचपी म्हणजे ६१ किलोवॅट. ॲपमध्ये एकक बदललं तरी काटा सरकतो.

दुसरी पद्धत वेगाची. ॲपला गाडीचं वजन सांगायचं, वेग किती झपाट्यानं वाढला यावरून ते ताकद काढतं. दोन माणसांसह १०५० किलो धरा. तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते ८० जायला साडेचार सेकंद लागले, तर नुसत्या वेगवाढीला २५ किलोवॅट लागले. हवेचा आणि टायरचा विरोध साधारण ५, एकूण ३०. हे चाकावरचे. त्या आरपीएमला क्रँकवर ३८ किलोवॅटच्या आसपास असायला हवेत. मधली तूट गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि फिरत्या भागांना वेग देण्यात जाते. उत्तर पटण्यासारखं आहे, पण ओबीडीवर वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, ७१ नाहीतर ७२, अधलंमधलं काही नाही. रस्त्याला जराशी चढण असली तरी हिशोब कोलमडतो, म्हणून दोन्ही दिशांना करून सरासरी घ्यावी. हे सगळं रिकाम्या, सरळ रस्त्यावर, आणि फोनकडे शेजारच्यानं बघायचं. चालवणाऱ्यानं अजिबात नाही.

मग हा डोंगल कशासाठी ठेवलाय? हॉर्सपॉवरसाठी नाही, मॅनिफोल्डच्या दाबासाठी. इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन केलं की मॅप सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. फुल थ्रॉटलला तो आकडा त्याच्यापेक्षा दोन-तीन किलोपास्कलनं खाली असावा. उन्हाळ्यात माझा सहानं खाली जायला लागला. एअर फिल्टर काढून बघितला तर धुळीनं भरलेला. नवा बसवला, फरक तीनवर आला. सुमारे तीन टक्के जास्त हवा! वेगाच्या पद्धतीत एवढासा फरक कधीच दिसला नसता.

पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जाताना तर हा आकडा बघतच राहावा. खाली शंभरच्या आसपास, वर पोचेपर्यंत ८६. वरची हवा गार असते म्हणून थोडं भरून निघतं, तरी १२-१३ टक्के ताकद गेलेली असते. घाटात गाडी ‘ओढत नाही’ याचं अर्धं उत्तर चढणीत आहे आणि अर्धं इथं. तसंच सिग्नलला अडकल्यावर इनटेकचं तापमान ६०ला टेकतं, मोकळ्या रस्त्यावर ३८ला येतं. तेवढ्यानंच हवा सात टक्के घट्ट होते.

डोंगलविषयी थोडं. बाजारातले बहुतेक डोंगल ‘एल्म ३२७’ या कॅनडातल्या चिपची नक्कल असतात, वेष्टनावरच्या आवृत्तीच्या नंबरवर विसंबू नका. स्वस्तातला डोंगल एका वेळी दहा गोष्टी विचारल्या की धापा टाकतो. मी चाचणीच्या वेळी आरपीएम, दाब आणि तापमान एवढंच चालू ठेवतो. नोंदी कितीतरी दाट येतात. गाडी उभी असताना तो पोर्टमध्ये ठेवू नये, बॅटरी खात राहतो.

डिझेलवाल्यांनी मात्र हवेवरून निघालेल्या हॉर्सपॉवरकडे बघूच नये. डिझेल इंजिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा घेतं आणि ताकद ठरते इंजेक्टरमधून किती डिझेल गेलं यावर. ॲप तिथं पेट्रोलचंच प्रमाण धरून बसलं, तर हळू चालवतानाही भलताच मोठा आकडा दाखवतं. त्यांनी वजन भरून वेगाची पद्धतच वापरावी. मॅफ सेन्सर असेल तर त्याचा आकडा नुसता नोंदवून ठेवावा : त्याच रस्त्यावर, त्याच आरपीएमला, दर दोन-तीन महिन्यांनी.