भरलेला मोबाइल आणि ‘सॉफ्टवेअर मारणे’: टेबलावरच्या एका सेवेची पारख

जळगावच्या गोलाणी मार्केटपासून शहादा-शिरपूरच्या बसस्टँडसमोरच्या टपरीपर्यंत, मोबाइल रिपेअरिंगच्या टेबलावर एक सेवा हमखास मिळते: सॉफ्टवेअर मारणे. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, “भो, मोबाइल सुरूच व्हत नही. कंपनीनं नाव येस नि जास.” म्हणजे पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि जातं. टेबलामागचा पोरगा दोन बटणं दाबून बघतो आणि सांगतो, सॉफ्टवेअर मारावं लागेल, तासाभराने या. दर काम बघून कमी आणि गिऱ्हाईक बघून जास्त ठरतो.

ही पारख त्याच सेवेची आहे, पण एकाच दुखण्यापुरती: स्टोरेज काठोकाठ भरल्यामुळे अडकलेला फोन. पाण्यात पडलेला, बोर्ड गेलेला, चार्जिंगची पिन सैल झालेला फोन यात धरलेला नाही. निकाल आधीच सांगतो. फोन सुरू होत असेल, नुसता हँग होत असेल, तर ही सेवा घेऊच नका. कंपनीच्या नावावरच अडकला असेल तर ती शेवटची पायरी आहे, आणि तिच्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्या लागतात.

या एका नावाखाली दोन वेगळी कामं विकली जातात. पहिलं म्हणजे फॅक्टरी रीसेट. अनेक फोनवर पॉवर आणि व्हॉल्यूम अप एकत्र दाबून रिकव्हरीत, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या पडद्यावर, जायचं आणि सगळा डेटा पुसायचा. काम पाच-दहा मिनिटांचं, कॉम्प्युटर लागत नाही. दुसरं म्हणजे खरं फ्लॅशिंग. केबल लावून पूर्ण सिस्टीम नव्याने भरायची. मीडियाटेक प्रोसेसरच्या फोनला एसपी फ्लॅश टूल, सॅमसंगला ओडिन, हे त्यासाठीचे प्रोग्राम. भरलेल्या फोनला गरज पडते ती पहिल्याचीच, बिल मात्र पुष्कळदा दुसऱ्याचं लागतं. ओडिनमध्ये होम-सीएससी फाइल निवडली तर तुमचा डेटा शाबूत राहतो, पण मग फोनचं पोटही तसंच तुडुंब राहतं आणि फोन पुन्हा नावावरच अडकतो. म्हणजे फोन बरा होतो तो नव्या सॉफ्टवेअरने नाही, पुसण्याने होतो.

मुळात भरलेला फोन बंद का पडतो? ‘३२ जीबी’चा फोन कॉम्प्युटरच्या मोजणीत २९.८ भरतो. त्यातून सिस्टीम वजा केली की हाताशी वीसेक उरतात. मोकळी जागा ५ टक्के किंवा ५०० एमबी, यांपैकी जो आकडा लहान त्याच्याखाली गेली की मूळ अँड्रॉइड ‘जागा संपत आली’ असा इशारा देतं. बहुतेक जण तो बोटाने बाजूला सारतात, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते. व्हॉट्सॲपचे मेसेज एका डेटाबेसमध्ये असतात. तिथे नवी ओळ घालायची तर आधी तात्पुरती नोंद लिहावी लागते. ती लिहायला जागा नाही, म्हणून ॲप उघडतं आणि मिटतं. सिस्टीमचंही तेच. सुरू होताना तिला डेटाच्या भागात काही ना काही लिहायचंच असतं. लिहिता आलं नाही की ती कोसळते, पुन्हा उठते, पुन्हा कोसळते. नाव ‘येस नि जास’ ते यामुळे.

त्याआधीचे काही आठवडे फोन नुसता रखडत असतो, त्याला कारण मेमरीची चिप. तिच्यावर लिहिताना लहान तुकड्यात लिहिलं जातं, पण पुसताना मोठा गठ्ठाच पुसावा लागतो. गठ्ठ्यातला कामाचा माल आधी दुसरीकडे हलवायचा आणि मग पुसायचं. कापसाच्या जिनिंगचं गोदाम छतापर्यंत भरलं आणि एक कोपराही मोकळा नाही, तर गाठी हलवायच्या कुठे? तशी गत. स्वस्त फोनमध्ये जुन्या पद्धतीची ईएमएमसी मेमरी असते, तिथे हा त्रास जास्त जाणवतो.

आता फोन सुरू होत असेल तर घरी काय करायचं. इथे क्रम महत्त्वाचा, आणि चूकही बहुतेकांची क्रमातच होते. लोक आधी गॅलरीतले हजारभर फोटो उडवतात, जागा बघतात तर जैसे थे. कारण फोटो ट्रॅशमध्ये जाऊन बसलेले असतात. बहुतेक गॅलऱ्यांत ते ३० दिवस तिथेच राहतात. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले ६० दिवस. शिवाय फोन अगदीच काठोकाठ भरला असेल तर डिलीट करायलाही थोडं लिहावं लागतं, आणि तेच जमत नाही.

म्हणून आधी एअरप्लेन मोड लावा, नाहीतर इकडे मोकळी केलेली जागा तिकडे गटांतून येणारे व्हिडिओ खाऊन टाकतात. मग मोठा गेम किंवा बिनकामाचं एखादं ॲप सरळ अनइन्स्टॉल करा. ॲप ट्रॅशमध्ये जात नाही, जागा लगेच सुटते. त्यानंतर सेटिंग्ज, ॲप्स, आणि तिथे यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक, क्रोम एकेक उघडून स्टोरेजमध्ये ‘क्लिअर कॅश’, म्हणजे ॲपने तात्पुरतं साठवलेलं पुसणं. शेजारचं ‘क्लिअर डेटा’, काही फोनवर ‘क्लिअर स्टोरेज’, हे वेगळं बटण आहे. व्हॉट्सॲपवर ते दाबलंत तर ॲप कोरं होतं आणि पुन्हा नंबर टाकून बॅकअपच्या भरवशावर बसावं लागतं. कॅश साफ करणं हा तात्पुरताच दिलासा आहे, दोन दिवसांत ती पुन्हा भरते. पण पुढचं काम करायला श्वास मिळतो. एवढं झालं की गॅलरी, गूगल फोटोज आणि फाइल्स, तिन्हींचे ट्रॅश रिकामे करा.

आता खरा माल. खान्देशातल्या साध्या फोनमध्ये तो बहुधा व्हॉट्सॲपमध्येच असतो. रावेर-सावद्याकडचे केळीभावाचे गट, कानबाईच्या मिरवणुकीचे तेच ते व्हिडिओ पाच नातेवाइकांकडून, हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्ट्या. फोनच्या कॅमेऱ्याने घेतलेला १०८०पीचा व्हिडिओ मिनिटाला साधारण सव्वाशे एमबी खातो. व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, पण पाठवताना दाबलेली एक प्रत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात ठेवतं. म्हणजे तुमच्याच मुलाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ फोनमध्ये दोनदा. अँड्रॉइड ११ पासून हे फोल्डर सहज सापडतही नाही: अँड्रॉइड, मग मीडिया, मग कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, मीडिया, व्हॉट्सॲप व्हिडिओ आणि त्याच्या पोटात सेंट. एवढं खणायचं नसेल तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मॅनेज स्टोरेज’. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढलेल्या मिळतात. आधी फॉरवर्डवाल्यांवर हात चालवा, त्यात तुमचं स्वतःचं काही नसतं.

एक गैरसमज इथेच मिटवू. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केल्याने जागा वाचत नाही, फोटो फक्त गॅलरीत दिसेनासे होतात. जागा वाचवायची तर ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करायचं, मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग तिन्हींवर.

ठेवण्याजोगं सामान टाइप-सी पेनड्राइव्हवर घ्या. ‘मूव्ह’ नको, ‘कॉपी’ करा, दोन-चार फाइली पेनड्राइव्हवरून उघडून बघा, मगच फोनमधल्या उडवा. मूव्ह चालू असताना पेनड्राइव्ह हलला तर फाइल धड इकडे राहत नाही न तिकडे. बाजारात मातीमोल भावाने मिळणाऱ्या ५१२ जीबीच्या मेमरी कार्डांपासून लांब राहा. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर आकडा खोटा लिहिलेला असतो, आणि खरी जागा संपली की पुढचे फोटो नुसते नावापुरते उरतात. कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने कार्ड खरं किती ते कळतं. वेळ लागतो, पण लागू द्या.

एवढं करून ३२ जीबीच्या फोनमध्ये तीन-चार जीबी मोकळे राहिले पाहिजेत. मग रीस्टार्ट करून फोन रात्रभर चार्जरला लावून निवांत ठेवा. चिपमधली पुसलेली जागा खरोखर मोकळी करण्याचं काम अँड्रॉइड अशाच वेळी उरकतं.

फोन नावावरच अडकला असेल तर? आधी अर्धा तास चार्जिंगला लावा, आणि मे महिन्यातल्या भुसावळच्या दुपारी असाल तर सावलीत. तापलेला फोन चार्जिंग मंद करतो आणि मध्येच बंदही पडतो. मग सेफ मोड. अनेक फोनवर नाव दिसताच व्हॉल्यूम डाउन दाबून धरलं की फोन फक्त सिस्टीमच्या ॲपवर उठतो. असा उठला तर नशीब समजा आणि लगेच दोन मोठी ॲप्स काढून टाका. रिकव्हरीचा पडदा येऊन ‘ट्राय अगेन’ आणि ‘फॅक्टरी डेटा रीसेट’ असे दोनच पर्याय दिसले, तर पहिला दोन-तीनदा वापरून बघायला काही लागत नाही. ‘वाइप कॅश पार्टिशन’ असेल तर त्याने फोटो जात नाहीत. पण तो भाग डेटापासून वेगळा असल्यामुळे गुणही क्वचितच येतो. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग (केबलवरून कॉम्प्युटरला आत येऊ देणारी सेटिंग) आधीपासून चालू असेल आणि त्या कॉम्प्युटरला फोनने आधीच परवानगी दिलेली असेल, तर चांगला कारागीर एडीबी नावाच्या प्रोग्रामने आत शिरून जागा मोकळी करता येते का ते बघू शकतो. रीसेटचा विषय काढण्याआधी जो हे विचारतो, तो टेबल धरून ठेवावा असा.

“डेटा काढून देतो” म्हणणाऱ्याला मात्र आगाऊ पैसे देऊ नका. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरचं घेऊन बाजारात आलेल्या फोनमधला डेटा कुलूपबंदच असतो. किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागात आणि तुमच्या स्क्रीन लॉकमध्ये वाटलेली. चिप उकलून दुसऱ्या मशीनला लावली तरी हाती अर्थहीन अक्षरं येतात.

आता सॉफ्टवेअर मारायलाच बसायचं, तर आधी जीमेल. फोन घेताना दुकानातल्या पोराने आयडी बनवून दिला, पासवर्ड त्याने ठेवला आणि तुम्ही विसरलात, हे गावोगावचं चित्र आहे. रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन उठताना तोच जुना आयडी मागतो, अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय चोरांना अडवण्यासाठी केलेली आहे, अडकतो मालक. पुसण्याआधी दुसऱ्या फोनवर त्या आयडीने लॉगिन होतंय का बघा. झालं तर तिथेच गूगल ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप्स’ उघडून व्हॉट्सॲपची तारीख वाचा. हा बॅकअप आता खात्याच्या १५ जीबीतच मोजला जातो. खातं भरलं असेल तर तारीख सहा महिन्यांपूर्वीचीही निघेल, आणि त्यापुढचं गेलं ते गेलं.

शेतकऱ्याच्या फोनला आणखी एक प्रश्न. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर आली. शिवारात रेंज नसताना केलेली नोंद अपलोड होईपर्यंत फोनमध्येच असते. अपलोडआधी फोन पुसला तर बांधावर पुन्हा जाणं आलं. सिम काढून खिशात ठेवा आणि त्यात एसएमएस जाईल एवढा रिचार्ज असू द्या. फोनपे, भीम नव्याने चालू करताना त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो.

आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. एसपी फ्लॅश टूलमध्ये ‘फॉरमॅट ऑल’ निवडून फ्लॅश केलं तर आयएमईआय ज्या भागात असतो तोही पुसला जातो. फोन झकास सुरू होतो, रेंज मात्र येत नाही. घाईच्या टेबलावरची ही नेहमीची चूक. फोन परत घेताना *#०६# दाबा, आकडा डब्यावरच्या आकड्याशी ताडा, एक फोन लावून बघा, मगच पैसे काढा. वॉरंटी बाकी असेल तर टेबलाकडे जाऊच नका, कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठा.

गुण द्यायचे तर भरलेल्या फोनसाठी न विचारता सॉफ्टवेअर मारणाऱ्याला ५ पैकी १. आधी सेफ मोड बघून, जीमेल विचारून, साधा रीसेट करून साध्या रीसेटचेच पैसे घेणाऱ्याला ४. पाचवा गुण राखून ठेवलाय, तो फोन परत देताना ऑटो-डाउनलोड बंद करून देणाऱ्याला. व्हॉट्सॲप चालू होताच केळीभावाच्या गटात रात्रभरात साठलेलं सगळं एकदम उतरायला लागतं, आणि ते उतरणं तुम्ही घरी पोचून बटण बंद करेपर्यंत थांबत नाही.