न्यूरो आयसीयू, जालना रोड, संभाजीनगर: डोक्याच्या पेशंटचं हार्टपण बघतात

मावशीला ब्रेन हॅमरेज झालं, परभणीहून रात्रीतून संभाजीनगरला आणलं, घाटीत (सरकारी दवाखान्यात) न्यायचं का प्रायव्हेटला याच्यावर गाडीत नुसती चर्चा, शेवटी जालना रोडवरच्या या हॉस्पिटलात ॲडमिट केलं. जे डोळ्यानं बघितलं ते लिहायलोय, कारण अशा टायमाला डॉक्टरला काय विचारावं तेच सुचत नाही.

पेशंट डोक्याचा, तरी पहिल्याच रात्री ईसीजी, ट्रोपोनिन (हार्टला इजा झाली का बघायची रक्ताची टेस्ट) आणि बेडवरच इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी केली. आम्ही म्हणलं मावशीला हार्टचा कधीच त्रास नव्हता, मग हे कशाला. तर आयसीयूचे सर स्वतः बाहेर येऊन बोलले, मेंदूतली नस फुटली की अंगात ॲड्रेनलिन असं उसळतं की हार्टच्या नसा ब्लॉक नसल्या तरी हार्ट काही दिवस ढिलं पडू शकतं. आणि तसंच निघालं, पंपिंग ३५ टक्के! आधीच्या ठिकाणी फक्त दंडाला पट्टा लावून बीपी बघत होते, हे कळलंच नसतं.

खरा गोंधळ पुढं झाला. मेंदूतल्या नसेला आलेला जो फुगा फुटला होता, त्यात कॉइल (बारीक तार) टाकून तो बंद करेपर्यंत वरचं बीपी १६० च्या आत ठेवायची धडपड, आणि कॉइल झाल्यावर काही दिवसांनी हेच लोक नॉरॲड्रेनलिन लावून बीपी वाढवायले. काका लई चिडले. सर म्हणले, "काका, या आजारात साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या नसा आकसतात. पुढं पाइप चोंदला तर मोटारीचं प्रेशर वाढवावं लागतं, पण मोटारच दमलेली असली तर आधी ती बघावी लागते." शेतकरी माणसाला याच्यापेक्षा सोपं काय सांगणार, काका गप बसले. म्हणून रोज इको, आणि हार्टला जोर द्यायचं वेगळं औषध. पंपिंग हळूहळू नॉर्मलला आलं.

नसा आकसल्यात हे कळतं टीसीडीनं, म्हणजे डोक्याची डॉप्लर सोनोग्राफी. कानशिलावर जेल लावून प्रोब धरतात, शू शू आवाज येतो, रक्ताचा वेग दिसतो. मेंदूच्या मधल्या मोठ्या नसेत सरासरी वेग सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध, २०० च्या वर गेला की मोठा धोका. नुसता आकडा बघून घाबरत नाहीत, गळ्यातल्या नसेचाही वेग मोजून ताडून बघतात, कारण सगळीकडंच रक्त जोरात वाहत असलं तरी आकडा वाढतो.

सिस्टर लोकांना तर मानलंच पाहिजे. मनगटातल्या नसेत बारीक लाइन, मॉनिटरवर बीपीची लाल लहर चालूच, डोक्यातलं पाणी काढायच्या नळीवरून आतलं प्रेशर. सरासरी बीपी ९० आणि डोक्यातलं प्रेशर २० असलं तर मेंदूला मिळतं ७०, ते ६० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे एका सिस्टरनं मला मॉनिटरवर बोट ठेवून समजावलं. बेडचं डोकं ३० डिग्री वर असायचं, आणि बेड जरा हलवला की ती बाई बीपीचा सेन्सर परत कानाच्या लेव्हलला आणून झिरो करायची. छातीच्या लेव्हलला राहिला तर मेंदूला मिळतंय त्याच्यापेक्षा आकडा जास्त दिसतो म्हणे. रात्री तीनला पण कंटाळा नाही.

आता तक्रारी. नातेवाइकांशी बोलणं दिवसातून एकदाच, संध्याकाळी, आणि तेव्हा सगळ्यांची गर्दी. बसायला खुर्च्या कमी, बाया माणसं जिन्यात झोपतात. बिलात "आयसीयू मॉनिटरिंग" असा एकच मोठा आकडा, इको किती, टीसीडी किती ते मागितल्यावरच देतात. महात्मा फुले योजनेत बसवायचं असंल तर पेशंट आत गेल्या गेल्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा, डिपॉझिट भरून झाल्यावर पळापळ करू नका.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो टीसीडीसाठी, करणारे डॉक्टर एकच आणि रविवारी सुट्टी. नसा काय रविवार बघून आकसत नाहीत, मॅनेजमेंटनं दुसरा माणूस ठेवावाच.